डबा परत आला का?

कॅराव्हान घ्यायची कल्पना नवऱ्याची. हे सुरुवातीलाच लिहून टाकते, कारण आमच्या घरात एखादी कल्पना फसली की ती कोणाची होती हे कोणालाच आठवत नाही.

कोरोनाचा पहिला उन्हाळा तोंडावर आला होता आणि ॲमस्टरडॅमजवळ डीमनच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघं कोंडून पडलो होतो. तो बेडरूममध्ये बसून त्याच्या मीटिंगमध्ये ओरडायचा, मी स्वयंपाकघरात बसून माझ्या मीटिंगमध्ये ओरडायचे, आणि मधल्या वेळात एकमेकांवर ओरडायला दोघंही मोकळे असायचो. पुण्याला जायचा विषयच नव्हता. तेव्हा त्याच्या ऑफिसातल्या कोणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं की दक्षिणेकडच्या ब्रेडा शहराबाहेर पाइनच्या जंगलात एक कॅम्पिंग आहे, तिथे कायमच्या जागेवर उभ्या असलेल्या जुन्या कॅराव्हान हंगामापुरत्या मिळतात. एप्रिल ते ऑक्टोबर. आत स्वतःचं संडास-बाथरूम, त्यामुळे कोरोनातही परवानगी. "झाडं, पक्षी, शांतता," नवरा म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "शांतता गं." मी भुलले.

तिथे पोचल्यावर पहिलं डोळ्यांत भरलं ते प्लास्टिकचं गवत. चहूबाजूंनी जंगल, पायाखाली शेवाळ आणि पाइनच्या वाळक्या सुया, आणि ही माणसं शहरातून येऊन त्यावर हिरवं प्लास्टिक अंथरत होती. गवतावर प्लास्टिकचे बगळे. कुंपणावर प्लास्टिकची वेल. शिवाय प्रत्येक कॅराव्हानपुढे लाल टोपीतला एक दाढीवाला बुटका पुतळा, कोणाचा कंदील घेऊन उभा, कोणाचा चड्डी खाली करून. निसर्गाची एवढी ओढ असणाऱ्या लोकांनी घरी का राहू नये, हे मला कळेना. दाराशी नियमांचा भलामोठा फलक होता. कुंपण किती उंच असावं, गाडी कुठे लावावी, कुत्र्याने कुठे काय करावं, आवाज कधी बंद करावा. फलक वाचून मात्र मी खूश झाले. इतक्या बारकाईने नियम लिहिणारी माणसं ते पाळतही असतील असं मला वाटलं. इतकी वर्षं या देशात काढूनही माझी अक्कल तेवढीच होती.

शेजारी आमच्या आधी येऊन बसले होते. नवरा-बायको, दोघंही पन्नाशीतले, ब्रेडाचेच. म्हणजे घर गाडीने वीस मिनिटांवर. सुट्टीसाठी स्वतःच्या घरापासून वीस मिनिटांवर जाऊन राहणाऱ्या माणसाबद्दल काय बोलायचं? आमच्याकडे एवढ्या अंतरावर लोक भाजी आणायला जातात. तो एका लॉजिस्टिक्स कंपनीच्या वर्कशॉपमध्ये फोर्कलिफ्ट दुरुस्त करायचा, हे त्याने पहिल्याच दिवशी कुंपणावरून ओरडून सांगितलं. मला वाटलं दीड मीटरचं अंतर ठेवायचंय म्हणून ओरडतोय. पुढे कळलं की त्याचा आवाजच तेवढा होता. बायको बोलायची कमी आणि हसायची जास्त. ती कशालाही हसायची, आणि एकदा सुरू झाली की झाडावरची कबुतरं उडून जायची.

त्यांची नावं आम्हाला लगेच कळली होती, पण आमच्यात तो कायम ड्रमवाला राहिला आणि ती ड्रमवाली. त्याने जुन्या वॉशिंग मशीनचा स्टीलचा ड्रम काढून, त्याला पाय जोडून शेकोटी केली होती. तसं इथे बरेच जण करतात, पण ह्याचं एकीवर भागत नव्हतं. कोणाकोणाची मोडकी मशीनं आणून तो सगळ्या गल्लीसाठी शेकोट्या बनवायचा. ग्राइंडर त्याच्या हातातून सुटत नसे. दिसेल ते लोखंड घासायचं, कापायचं आणि आरशासारखं चमकवायचं, एवढंच त्याला ठाऊक. गाडीचा हुक चमकवला, खुर्च्यांचे पाय चमकवले, कुत्र्याची साखळी चमकवली. सकाळी ग्राइंडर, दुपारी ग्राइंडर, आणि संध्याकाळी हात धुऊन गाणी. गाणी म्हणजे ब्रास बँड, अकॉर्डियन आणि रडवेल्या आवाजात आपल्या आईबद्दल किंवा बिअरबद्दल गाणारा एक पुरुष. शनिवारी पार्टीचा तंबू उभा राहायचा आणि निम्मं ब्रेडा त्याखाली येऊन बसायचं. दीड मीटर गेले खड्ड्यात. सरकार टीव्हीवरून सांगत होतं की घरी फार पाहुणे बोलावू नका. ड्रमवाल्याचं म्हणणं असं की हे घर कुठे आहे, हा तंबू आहे.

यावर माझ्या नवऱ्याने काय करावं? त्याने हेडफोन लावले. बाहेरचा आवाज बंद करणारे, भारीतले, ऑफिसने दिलेले. "जाऊ दे ना," एक कान मोकळा करून तो म्हणाला, "खेझेलिख चाललंय त्यांचं." गोतावळा जमवून मजेत बसणं याला डच लोकांचा हा लाडका शब्द. दुसऱ्याची झोप मोडली तरी तो शब्द उच्चारला की सगळं माफ असतं.

खरं तर गाण्यांशीसुद्धा मी जमवून घेतलं असतं. पण संध्याकाळची वेळ आईच्या फोनची होती. बाबा गेल्यापासून आई पुण्यात एकटीच राहायची, आणि तिचं जेवण आटोपलं की मी फोन लावायचे. तिला ऐकू कमी यायचं आणि कानातलं मशीन तिने देवघराच्या खणात ठेवून दिलं होतं. मी काय बोलते ते तिला धड ऐकू यायचं नाही. ड्रमवाल्याचा बँड मात्र स्वच्छ ऐकू यायचा.

"कोणाचं लग्न आहे गं?" तिने पहिल्यांदा विचारलं.

"लग्न नाही आई. शेजारी आहेत. रोजचं आहे."

"रोज? मग जाऊन सांग की."

"जाणारच आहे. चांगली झापणार आहे."

"रिकाम्या हाताने जाऊ नकोस," आई म्हणाली. "काहीतरी घेऊन जा. चकल्या कर. तोंडात चकली असली की माणसाला उलट बोलता येत नाही."

मी हसले, पण तिचं ऐकलं. तिनेच मागच्या वेळी दिलेली भाजणी फ्रीझरमध्ये होती. थोडीच उरली होती आणि पुढची कधी मिळेल याचा पत्ता नव्हता, म्हणून मी ती जपून ठेवली होती. कॅराव्हानच्या एवढ्याशा शेगडीवर, सगळ्या खिडक्या उघड्या टाकून, मी ती सगळी तळली. आणि भरली कशात, तर आईच्या डब्यात.

या डब्याबद्दल सांगायला हवं. साधा, गोल, घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा. माझ्या लग्नात आईने भांडी घेतली तेव्हा रविवार पेठेतल्या दुकानात मी तिच्याबरोबर होते. दुकानाच्या पायरीवर भांड्यांवर नाव घालणारा माणूस मशीन घेऊन बसलेला असायचा, कर्र कर्र करत टिंबाटिंबांनी अक्षरं काढणारा. बाकी भांड्यांवर रीतसर नावं पडली, सासरच्या आडनावासकट. हा डबा आईने वेगळा काढला आणि त्याला म्हणाली, "यावर फक्त दोन नावं घाला. हिचं आणि माझं. शेजारी शेजारी." त्याने विचारलं, "आडनाव?" आई म्हणाली, "नको."

तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं. आमच्याकडे मुलीच्या नावापुढे आधी बापाचं नाव लागतं, मग नवऱ्याचं. शाळेचा दाखला घ्या, पासपोर्ट घ्या, इथल्या खेमेंटेतला, म्हणजे नगरपालिकेतला, कागद घ्या. आईचं नाव माझ्या नावाशेजारी कुठेच नाही. फक्त त्या डब्यावर होतं. शेवटच्या अक्षरांना जागा पुरली नव्हती म्हणून ती काठापाशी दाटीवाटीने बसली होती.

तर तो डबा घेऊन मी शनिवारी तंबूत गेले. डच वाक्यं पाठ करून गेले होते. माझं डच म्हणजे परीक्षेपुरतं. विनंती कशी करावी, तक्रार कशी नोंदवावी, सगळं पुस्तकातलं. पहिलं वाक्य माझ्या उघडलेल्या तोंडातच राहिलं. ड्रमवालीने माझ्या हातातला डबा पाहिला, "आमच्यासाठी?" म्हणाली, हसत सुटली आणि डबा काढूनच घेतला. सगळ्या तंबूने टाळ्या वाजवल्या. बघता बघता चकल्या फिरल्या. आणि त्या लोकांनी, माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या आईच्या भाजणीच्या चकल्या मेयोनेजमध्ये बुडवून खाल्ल्या. एकाने विचारलं की हे कुठल्या दुकानात मिळतं. मी आवाजाचं बोलायला गेले तर ड्रमवाला ओरडला, "थांब थांब, तुझ्यासाठी तुझं संगीत लावतो!" आणि त्याने फोनवर शोधून भांगडा लावला. माझ्या सात पिढ्यांत कोणी भांगडा केलेला नाही. तो मात्र दोन्ही हात वर करून त्या प्लास्टिकच्या गवतावर नाचला. मी तक्रार करायला गेले होते, ती तंबूबरोबर टाळ्यांचा ठेका धरून परत आले. डबा तिथेच राहिला.

"तिथे राहिला ते उत्तमच झालं," आई फोनवर म्हणाली. "आता परत द्यायला येतील. रिकामा थोडाच देतील? काहीतरी घालून आणतील. तेव्हा बसवून नीट सांग."

हे तिचं गणित. आमचंही तेच. शेजारचा डबा आला की तो रिकामा परत करायचा नाही. काहीच नसलं तर मूठभर साखर तरी घालायची. आणि ज्याचा डबा आहे त्याने तो मागायचा नाही. मागितला तर आपण डब्यासाठी जीव टाकतोय असं दिसतं. म्हणून मी वाट पाहिली. आठवडा गेला, महिना गेला. ड्रमवाला रोज कुंपणावरून हात करायचा, हवेबद्दल ओरडायचा आणि डब्याबद्दल अवाक्षर काढायचा नाही. ज्या देशात शेजाऱ्याकडून उसना घेतलेला स्क्रू ड्रायव्हरसुद्धा आठवणीने परत देतात, तिथे माझा डबा गडप झाला. मी दिला त्याला ते भेट समजले होते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. डबा कोण भेट देतं? डब्यातलं देतात.

आईचा प्रश्न मात्र ठरलेला. जेवलीस का, सर्दी नाही ना, आणि मग: "डबा परत आला का गं?"

"नाही अजून."

"येईल. रिकामा आला की भरून ते सांग हं मला."

पुढे पुढे मला तिचाही राग यायला लागला. आमच्या बोलण्यात दुसरं काही उरलंच नव्हतं असं वाटायचं. ऑक्टोबरअखेर कॅम्पिंगवाल्या बाईने पाणी बंद केलं, सगळ्यांनी आपापले बगळे आणि बुटके आत घेतले, आणि डबा ड्रमवाल्याच्या कॅराव्हानमध्ये कुलुपाआड हिवाळाभर राहिला. नवरा म्हणाला, "नवीन घेऊ की. इंडियन शॉपमध्ये मिळतो." या माणसाशी मी का बोलते, असा प्रश्न मला तेव्हा पडला.

पुढच्या एप्रिलमध्ये कॅम्पिंग उघडलं आणि त्याच महिन्यात आई गेली.

त्या दिवसांत पुण्यात काय चाललं होतं ते सगळ्यांना माहीत आहे, मी वेगळं सांगत नाही. खाट मिळाली, ऑक्सिजन उशिरा मिळाला. विमानं बंद झाली होती. भावाने स्मशानातला एक व्हिडिओ पाठवला, तो मी अजून उघडलेला नाही. घर भाड्याचं होतं, मालकाला लवकर हवं होतं. भावाने फोन करून विचारलं, "तुला काही ठेवू का? पण कुरियर बंद आहेत, आणि माझ्याकडे जागा नाही." मी म्हटलं, "नको." त्या क्षणी मला जगातली कुठलीच वस्तू नको होती. त्याने साड्या वाटून टाकल्या आणि भांडी मोडीत घातली. आईचं नाव घातलेली सगळी भांडी. हे त्याने नंतर सांगितलं, काम उरकल्याच्या सुरात. मी त्याला बोलले नाही असं नाही. खूप बोलले.

त्यानंतर एका सकाळी दात घासताना मला डबा आठवला. हातातला ब्रश तसाच ठेवून मी नवऱ्याला उठवलं आणि म्हटलं, "चल. ब्रेडाला जायचंय."

जूनमधला लख्ख दिवस होता. याही हंगामासाठी घेतलेल्या आमच्या कॅराव्हानच्या स्वयंपाकघरातल्या खिडकीतून मी पाहिलं. ड्रमवाल्याच्या पायरीशी, बुटक्या पुतळ्याच्या शेजारी, माझा डबा उघडा ठेवला होता. त्यात वाळू भरली होती. आणि वाळूत सिगारेटची थोटकं खोचली होती.

मला आठवतं की मी आधी नवऱ्याकडे पाहिलं, कारण कोणाकडे तरी पाहायला हवं होतं. त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. तो म्हणाला, "मी येतो बरोबर." मी म्हटलं, "नको. तू आलास तर तू त्यांना समजून घेशील."

ड्रमवाला खुर्चीत बसून कुठलंसं नळकांडं चमकवत होता. मी डब्याकडे बोट दाखवलं आणि पाठांतर न करता म्हटलं, "तो माझा आहे. मला परत हवा."

"हा?" त्याला खरंच कळेना. "हा तू दिला होतास. त्या गोल गोल चिप्सबरोबर."

"चिप्स दिल्या होत्या. डबा माझा आहे."

तो उभा राहिला. डब्याकडे पाहिलं, थोटकांकडे पाहिलं, आणि त्याची मान कॉलरपासून कपाळापर्यंत लाल झाली. या लोकांना निदान लाजता येतं, आणि लपवता येत नाही. त्याने डबा उचलला आणि शिक्षा होणाऱ्या पोराने लपवावा तसा पाठीमागे धरला. मी हात पुढे केला होता.

"नाही, नाही, असा नाही," तो म्हणाला. "असा नाही देणार तुला. मी नीट करून देतो. शनिवारी."

"धुऊन द्या. बस्स."

"नीट करतो," तो पुन्हा म्हणाला.

तेव्हा मी सांगू शकले असते. माझी आई गेली, हा तिचा डबा आहे, यावर तिचं नाव आहे. तीन सोपी वाक्यं, माझ्या डचच्या आवाक्यातली. पण कोणापुढे सांगायचं? मेयोनेजमध्ये चकली बुडवणाऱ्यापुढे? ज्याला वाळू घालायला दुसरं भांडं मिळालं नाही, त्याच्या तोंडून मला सांत्वन ऐकायचं नव्हतं. मी मान हलवून परत आले आणि हात उगाचच दोनदा धुतले.

शुक्रवारी सकाळी ग्राइंडर सुरू झाला. नेहमीपेक्षा वाईट. एरवी तो लोखंड कापायचा तेव्हा आवाज जाड असायचा. हा बारीक, किंचाळणारा, थांबून थांबून पुन्हा सुरू होणारा. दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा. मी खिडक्या बंद केल्या. तरी येत होता. आई जाऊन पुरते दोन महिने झाले नव्हते, मी जंगलातल्या एका पत्र्याच्या खोक्यात बसले होते, आणि हा माणूस खुशाल आपलं भंगार चमकवत होता. माझा डबा धुवायला मात्र त्याला शनिवार उजाडावा लागत होता. मी उठून थेट ऑफिसात गेले आणि कॅम्पिंगवाल्या बाईला म्हटलं, "फलकावर लिहिलंय ते कोणासाठी आहे?" ती बिचारी सायकलवर बसून आली. कुंपणापलीकडे तिचं त्याच्याशी काहीतरी बोलणं झालं. मग ती माझ्या दाराशी येऊन म्हणाली, "तो म्हणतोय, थोडंच राहिलंय. आज संपवतो. पुन्हा नाही करणार." जाताना ती हसली, जणू काही मला खूश करणारं गुपित तिला कळलं होतं. मला ते हसणंही आवडलं नाही.

शनिवारी दुपारी दोघंही आले. तिने अंगात चांगला झगा घातला होता. त्याने केस ओले करून विंचरले होते. डबा त्याने दोन्ही हातांत धरला होता, आणि उन्हात तो इतका चमकत होता की मला डोळे बारीक करावे लागले. झाकण उघडून त्याने दाखवलं. आत काठोकाठ स्ट्रॉबेरी होत्या, त्यांच्या भागातल्या, लालभडक, नुकत्याच तोडलेल्या.

"रिकामा कसा द्यायचा," ड्रमवाली म्हणाली. आणि पहिल्यांदाच, बोलल्यावर ती हसली नाही.

मी डबा हातात घेतला. जड होता. अंगठा नेहमीच्या जागी गेला, काठाच्या जरासा खाली, जिथे अक्षरं दाटीवाटीने बसलेली होती. अंगठा घसरला. मी डबा फिरवला. आणखी फिरवला. सगळीकडे माझंच तोंड दिसत होतं, थोडं रुंद आणि मागे पाइनची झाडं.

"फार वाईट अवस्था होती," ड्रमवाला सांगत होता. आज तो ओरडत नव्हता. "थोटकांचे डाग तर निघाले लगेच. ती चूक आमचीच. पण एका बाजूला कोणीतरी खिळ्याने टोचून टोचून ठेवलं होतं. बारीक बारीक खड्डे, शेकडो. मी तीन वेगवेगळ्या डिस्क लावल्या. शेवटचं हाताने घासलं, नाहीतर पत्रा पातळ झाला असता." त्याने त्या जागेवर बोट ठेवलं. त्याच्या नखांत काळं साचलं होतं. "आता शोधूनही सापडणार नाही. चांगल्या भांड्याला कोणी असं करतं का?"

सव्वा वर्ष मी त्या माणसाला गप्प करायचं वाक्य शोधत होते. नम्र शोधलं होतं, कायदेशीर शोधलं होतं, फलकावरचं शोधलं होतं. आता ते माझ्या जिभेवर होतं. 'ते माझ्या आईचं नाव होतं.' पहिल्या धड्यातलं व्याकरण. ते म्हटलं असतं तर त्या हंगामात आमच्या गल्लीत पुन्हा ग्राइंडर वाजला नसता, गाणं वाजलं नसतं, कदाचित त्यांनी जागाही सोडली असती.

मी ते म्हटलं नाही. दया आली म्हणून नाही. मला त्या क्षणी त्याची दया आली नव्हती, मला तो डबा त्याच्या डोक्यात घालावासा वाटत होता. पण तो रडला असता. मोठ्याने, जसं तो सगळंच करायचा तसं. ती रडली असती. आणि मग माझी आई, माझा डबा, आणि समजूत मात्र मी त्यांची काढत बसले असते, दीड मीटरवरून. तेवढं माझ्यात उरलं नव्हतं.

"डांक यू वेल," मी आभार मानले. "खूप सुंदर झालाय."

त्याची छाती एवढी फुगली की शर्टाचं बटण ताणलं गेलं. तो म्हणाला की आणखी काही असेल तर आण, सगळं करून देतो. मी म्हटलं, आणखी काही नाही.

ते गेल्यावर नवऱ्याने डबा माझ्या हातातून घेतला, फिरवून पाहिला आणि खाली ठेवला. तो म्हणाला, "मी सांगू का त्याला?" मी नाही म्हटलं. त्याने स्ट्रॉबेरी धुतल्या आणि एका ताटलीत काढून माझ्यापुढे ठेवल्या. चांगल्या होत्या. गोड होत्या, हे मला कबूल करावंच लागेल.

संध्याकाळी, आईचं जेवण आटोपायच्या वेळेला, मी सवयीने फोन घेऊन पायरीवर येऊन बसले. पलीकडे तंबूत माणसं जमत होती. अकॉर्डियन सुरू झालं आणि तो रडवेला पुरुष आपल्या आईबद्दल गायला लागला. ड्रमवाल्याने कुंपणावरून मला पाहिलं आणि घाईघाईने जाऊन आवाज कमी केला. इतका कमी की ब्रास बँड ऐकूसुद्धा येईना. पहिल्यांदाच तिथे शांतता झाली. एवढ्या शांततेत आईला माझा शब्द न् शब्द ऐकू आला असता.

डबा मांडीवर होता. मी त्या गुळगुळीत जागेवर अंगठा ठेवला आणि मोठ्याने म्हटलं, "आला गं. भरून आला."